लेव्ही, अबिस्को की ट्रॉम्सो? स्कीइंग आणि नॉर्दर्न लाइट्स एकाच आठवड्यात

प्रश्न: उत्तरवाट

सात रात्री, चार जण: दोघं मोठे, पंधरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा. स्कीइंग कुणालाच येत नाही. कच्चा आराखडा असा: डिसेंबरचा शेवटचा आठवडा, नॉर्वेतल्या ट्रॉम्सोत तीन रात्री, फिनलंडमधल्या रोवानिएमीत दोन, तिथल्याच लेव्हीत दोन. रोज सकाळी नऊला स्कीइंग, रोज रात्री अरोरा (नॉर्दर्न लाइट्स) टूर.

डिसेंबर बरा की मार्च? ठिकाणं जास्त होताहेत का? केपी (पृथ्वीच्या चुंबकीय खळबळीचा ० ते ९ असा आकडा) ५ च्या वर असेल तरच बाहेर पडावं असं वाचलं, पण अ‍ॅप बहुतेक वेळा २ च दाखवतं. कपडे कोणते विकत घ्यावेत, कोणते भाड्याने?

ध्रुवमत्स्य

तीन ठिकाणं नकोत. सामान बांधणं, प्रवास, पुन्हा स्कीबूट मापून घेणं यात दोन दिवस जातील, आणि प्रवासाने दमलेल्या रात्री कुणी आकाशाकडे बघत नाही.

रात्रींचा हिशोब साधा आहे. समजा एका रात्री आकाश मोकळं मिळायची शक्यता तीनात एक. दोन रात्रींत निदान एकदा तरी मोकळं आकाश मिळण्याची शक्यता सुमारे ५५ टक्के, चारांत ८०, सातांत ९४. प्रत्यक्षात आकडे याहून कमी भरतात, कारण ढग एकदा आले की दोन-तीन दिवस मुक्काम ठोकतात. म्हणून सलग रात्री एकाच भागात काढा. नवशिक्यांना लेव्ही बरं.

डिसेंबर की मार्च, तर मार्च. लेव्हीत साधारण १० डिसेंबरपासून जानेवारी उजाडेपर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. उतारांवर दिवे असतात, पण सपाट उजेडात उंचसखल कळत नाही आणि नवशिक्या तिथेच पडतो. शिवाय लॅपलँडमध्ये (फिनलंडच्या या उत्तर भागात) हिवाळ्याच्या सुरुवातीला ढग जास्त, फेब्रुवारी-मार्चमध्ये आकाश अधिक मोकळं. विषुवदिनाच्या आसपास पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सौरवाऱ्याशी (सूर्याकडून येणाऱ्या भारित कणांच्या झोताशी) अधिक सहज जुळतं, तोही फायदा. मात्र फिनलंडमधल्या शाळांची स्कीची सुटी फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भागाभागाने चालते. तेव्हा गर्दी आणि दर दोन्ही चढे. मार्चचा दुसरा-तिसरा आठवडा धरा. त्याच्या पुढे सरकू नका: मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात, पुरता अंधार पडायला रात्रीचे दहा वाजतात, आणि नऊ वर्षांचं मूल तोवर झोपलेलं असतं.

केपी ५ चा नियम दक्षिणेकडच्या लोकांसाठी. अरोराचं कडं सर्वसाधारणपणे याच पट्ट्यावर असतं, त्यामुळे इथे केपी १-२ लाही हिरवी पट्टी दिसते. केपी हा मुळात तीन तासांचा, सगळ्या पृथ्वीसाठी काढलेला आकडा. आत्ता डोक्यावर काय चाललंय ते त्यातून कळत नाही. ‘बीझेड’ बघा, म्हणजे सौरवाऱ्यासोबत येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक. तो उणे ५ च्या खाली अर्धा तास टिकला आणि सौरवाऱ्याचा वेग सेकंदाला ४०० किलोमीटरच्या वर असला तर कपडे चढवा. ही मोजणी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या यानांवर होते, म्हणून हाताशी साधारण अर्धा ते एक तास मिळतो. आणि यापेक्षाही आधी ढगांचा नकाशा. केपी ७ असला तरी ढग असतील तर अरोरा ढगांच्या वरच राहतो.

तारखा अजून हलवता येत असतील तर आणखी एक युक्ती. सूर्याला पृथ्वीवरून पाहता एका फेरीला सुमारे २७ दिवस लागतात. आज जोरदार अरोरा देणारं कोरोनल होल (सूर्यावरचा वेगवान सौरवारा सोडणारा भाग) टिकून राहिलं तर २७ दिवसांनी पुन्हा समोर येतं. सौरचक्र २५ (सूर्याच्या सुमारे अकरा वर्षांच्या चढउताराची चालू फेरी) याचा कळस २०२४ मध्ये होऊन गेला. उताराच्या वर्षांत अशा फेऱ्या जास्त भरवशाच्या असतात.

तिरकीधार

ध्रुवमत्स्य यांच्याशी सहमत. फक्त ‘रोज सकाळी स्की, रोज रात्री टूर’ हे तिसऱ्या दिवशी कोसळणार. रात्री एकला झोपलेल्या माणसाच्या मांड्या सकाळी नऊला ऐकत नाहीत, आणि दुखापती बहुधा थकलेल्या पायांनी मारलेल्या ‘शेवटच्या एका फेरीत’ होतात. नवशिक्यांनी पहिले दोन दिवस दोन-दोन तासांचा वर्ग घ्यावा, अकरानंतरचा. बाकी दिवस अर्धेच. मुलासाठी वेगळा, वयानुसारचा गट.

भाड्याची स्की नवशिक्यासाठी हनुवटी ते नाक इतकी लांब. वजन खरं सांगा. बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) किती जोराला सुटावं हा आकडा वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी, वय आणि कौशल्य यांवरून बसवतात. लाजेपोटी कमी वजन सांगितलं तर स्की नको तिथे सुटेल, आणि कसलेले आहोत अशी बढाई मारली तर हवी तेव्हा सुटणार नाही आणि गुडघा पिळवटेल. बुटात मोजा एकच, लांब, लोकरीचा. दोन घातले की रक्त अडतं आणि पाय उलट गार पडतात. उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत, गुडघे वाकवल्यावर किंचित सुटली पाहिजेत.

थंडीत दरी आणि माथा यांत उलटा खेळ असतो. वारा नसेल तर जड थंड हवा खाली साचते. पायथ्याला उणे ३० आणि वर उणे १५ असंही होतं. सकाळी खिडकीतला पारा बघून बेत रद्द करू नका, वरच्या लिफ्टचं तापमान बघा. वारा असेल तर गोष्ट वेगळी: उणे २० ला ताशी ३० किलोमीटर वारा म्हणजे त्वचेला उणे ३३.

कपड्यांत अंगालगतचा मेरिनोचा (मऊ लोकरीचा) थर, मोजे आणि पातळ आतले हातमोजे विकत घ्या. स्कीची पँट, जॅकेट, हेल्मेट, गॉगल भाड्याने चालतील. कापूस कुठल्याच थरात नको, घाम धरून ठेवतो. अरोरासाठी उभं राहताना बोटं एकत्र राहणारे मिटन हवेत, आणि बूट एक माप मोठे.

नुओल्याचापायथा

लेव्हीबद्दल थोडा वेगळा सूर. शिकायला उत्तम, विमानतळ १५ किलोमीटरवर, मान्य. पण उतारांचे दिवे आकाश फिकट करतात. गावात राहून बाल्कनीतून बघू, ही आशा सोडा. तीन-चार किलोमीटर बाहेर, उत्तरेला मोकळं असलेलं गोठलेलं तळं गाठा.

आकाश हाच अग्रक्रम असेल तर स्वीडनमधलं अबिस्को. पश्चिमेच्या डोंगरांनी ओलावा अडवल्यामुळे तोर्नेत्रेस्क तळ्यावर पुष्कळदा निळं भोक, म्हणजे ढगांतली मोकळी जागा, उरतं. स्कीइंग मात्र शेजारच्या ब्यॉर्कलीडेनला. किरुना-नार्विक रेल्वे दोन्हीकडे थांबते. त्याच मार्गावरचं रिक्सग्रेन्सेन नवशिक्यांसाठी नाही, आणि अंधारामुळे ते उघडतंच फेब्रुवारीत. ट्रॉम्सो समुद्रामुळे उबदार, म्हणूनच ढगाळ. तिथल्या टूर वाईट रात्री थेट फिनलंडच्या हद्दीपर्यंत गाडी पळवतात. मुलासाठी तो सहा-सात तासांचा बसप्रवास आहे.

उत्तरवाट

मग लेव्ही, सात रात्री, मार्चचा तिसरा आठवडा. स्नोमोबाइल आणि फोटोंचं काय?

ध्रुवमत्स्य

स्नोमोबाइल चालवणाऱ्याकडे गाडीचा परवाना हवा. मुलगी मागे बसेल, मुलगा बहुधा मार्गदर्शकाच्या स्लेजमध्ये. जाड ओव्हरऑल, बूट, हेल्मेट टूरवालेच देतात. विम्यात दोन ओळी शोधा: आखलेल्या उताराबाहेरचं स्कीइंग आणि मोटार लावलेली वाहनं. बऱ्याच पॉलिसी दोन्ही वगळतात. मशीन आपटलं तर नुकसानीची पहिली ठरावीक रक्कम चालकाच्या माथी येते. ती आधी विचारा.

कॅमेरा: ट्रायपॉड, एफ २.८ किंवा तुमच्या लेन्सचं सर्वात मोठं छिद्र, आयएसओ १६०० ते ३२००. अरोरा संथ असेल तर १० सेकंदांचं एक्स्पोजर, नाचत असेल तर २ ते ४, नाहीतर अरोराचे पडदे विरघळून नुसती हिरवी वाफ येते. फोकस एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर हाताने लावा, मग रिंगवर चिकटपट्टी. जादा बॅटरी आतल्या खिशात. खोलीत शिरण्याआधी, बाहेरच, कॅमेरा बंद पिशवीत टाका आणि पिशवी दोन तास उघडू नका, नाहीतर लेन्सवर आणि आतही दव धरतं. मेमरी कार्ड बाहेर असतानाच काढून घ्या.