बाधा, लागण की संसर्ग?

रंकाळ्याची पोर : गरोदर बायकांसाठी पत्रक मराठीत करतेय. गरोदरपणी आईला जंतूंमुळे आजार झाला तर बाळाच्या ताण सोसण्यावर आणि प्रतिकारशक्तीवर परिणाम होऊ शकतो, असा मजकूर. मी लिहिलं, 'आईला बाधा झाल्यास'. सासूबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "बाहेरची व्हय? मग अंगाऱ्याचं काय लिवलं न्हाईस." 'लागण' करू का?

खोडवा : शिरोळात लागण उसाची. आडसाली, म्हंजे दीड वर्साच्या उसाची, जुलै-ऑगस्टात. 'लागण झाली का?' विचारलं तर माणूस सरीची रुंदी सांगतोय.

जुना मास्तर : उसाची ती लागवड. लागण रोगाचीच.

खोडवा : मास्तर, कारखान्याच्या नोंदीत लागणच लिवत्यात. शेत तुमचं का आमचं?

जुना मास्तर : असो. 'संसर्ग' घ्या, पण जपून. मूळ अर्थ संगत. 'आईचा संसर्ग' लिहिलंत तर आईकडून बाळाला रोग आला असं वाचतील.

सूक्ष्मदर्शी : मुद्दा तिथंच आहे. उंदरांवरच्या कित्येक प्रयोगांत गाभण मादीला जंतू देतच नाहीत. पॉली आय:सी टोचतात, विषाणूच्या आरएनएसारखं दिसणारं कृत्रिम रसायन. विषाणू आला समजून अंग फसतं, इंटरल्युकिन-6 सारखी संदेशद्रव्यं वाढतात, आणि पुढं पिल्लांच्या वागण्यात, प्रतिकारयंत्रणेत फरक दिसतो. जंतू पिल्लापर्यंत पोचलाच पाहिजे असं नाही, आईच्या अंगातली झुंज पुरते. म्हणून 'आईला झालेला संसर्ग'. आणि 'होऊ शकतो' काढू नका, उंदरावरनं थेट बाईवर उडी नको.

जुना मास्तर : उंदरीण 'गाभण'? गर्भवती म्हणा.

दोन म्हशी : जनावर गाभणच असतंय ओ! आणि एक सांगतो, म्हशीच्या जारेतनं रेडकाला रोगाशी लढणारी प्रतिपिंडं मिळतच नाहीत, सगळी चिकातनं. आमचे आबा जार पडेपर्यंत चीक पाजू द्यायचे नाहीत. डॉक्टरनी झापलं, पहिल्या दोन तासांत पाजा म्हणून.

जुना मास्तर : जार नव्हे, वार.

दोन म्हशी : वार बाईची, जार म्हशीची.

खोडवा : आमच्यात दोन्हीला जारच म्हणत्यात.

रंकाळ्याची पोर : पत्रक सोमवारी छापायला जायचंय ओ!

दोन म्हशी : जाऊ दे की. चीक शिल्लक आहे, डबा पाठवू?