बीडीव्ही मस्त आहे, तरी तेलाची अ‍ॅसिडिटी वाढून राहिली, काऊन?

बुटीबोरी_मेंटेनन्स:
नमस्कार मंडळी. बुटीबोरी एमआयडीसीत आमच्याकडे ३३ केव्हीचा, १००० केव्हीएचा जुना ट्रान्सफॉर्मर आहे, मे महिन्यात फुल लोड आणि वरून आपल्या नागपूरचं ४५ च्या वरचं ऊन. तेलाचा रिपोर्ट आला, बीडीव्ही (किती व्होल्टेजला तेलाचं इन्सुलेशन तुटते ते) ६२ केव्ही पण अ‍ॅसिडिटी ०.२६, मागच्या रिपोर्टात ०.१७ होती आणि मधात फिल्टरेशन पण झालं. ठेकेदार म्हणते बीडीव्ही चांगला आहे ना भाऊ, टेन्शन नका घेऊ. पण बंद टाकीत अ‍ॅसिड येते कुठून? आणि फिल्टर करूनही कमी काऊन नाही झालं?

तेल_टेस्टिंगवाली:
दादा, टाकी बंद दिसते पण नसते. दिवसा तेल तापून फुगतं, रात्री आकसतं आणि ब्रीदरमधून (टाकीला हवा घ्यायला लावलेला, ओल शोषणाऱ्या जेलचा डबा) हवा आत ओढली जाते. त्यातला ऑक्सिजन तेलात विरघळून हायड्रोकार्बनशी रिअ‍ॅक्शन करतो, आधी पेरॉक्साइड, मग अल्डिहाइड-कीटोन, पुढे कार्बोक्झिलिक अ‍ॅसिड. वाइंडिंगचं तांबं कॅटॅलिस्ट. तापमान ८-१० अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट, मग आपल्याकडचा उन्हाळा काय करत असेल बघा. तेलात डीबीपीसी इनहिबिटर (ही रिअ‍ॅक्शन रोखणारं रसायन) असेल तर तो संपेपर्यंत आकडा फारसा हलत नाही, नंतर भराभर चढतो.

फिल्टर मशीन गरम करून व्हॅक्यूममध्ये पाणी, गॅस, कचरा काढतं. अ‍ॅसिड विरघळलेलं असतं, ते तिथे निघत नाही. बीडीव्ही तर पाणी आणि कणच सांगतो, त्यामुळे तो सुधारला म्हणून तेल सुधारलं असं होत नाही. अ‍ॅसिड काढायला फुलर्स अर्थमधून (शोषून घेणारी माती) तेल फिरवावं लागतं, आणि त्यात इनहिबिटरही जातो, तो परत टाकायला सांगा.

रिटायर्ड_सबस्टेशन:
ताईंनी बरोबर सांगितलं. आयईसी ६०४२२ (ट्रान्सफॉर्मर तेलाचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे तुमच्या व्होल्टेजला चालू तेलात ०.१५ मिलीग्रॅम केओएच प्रति ग्रॅमपर्यंत चांगलं, ०.३० च्या वर खराब. तुम्ही मधात आहात, पण चाल वाईट आहे. मला तेलापेक्षा वाइंडिंगवरच्या इन्सुलेशन कागदाची काळजी वाटते. फॉर्मिक, अ‍ॅसेटिकसारखी लहान अ‍ॅसिडं पाण्यासोबत कागदात मुरतात, सेल्युलोजची साखळी तोडतात, त्यातून आणखी पाणी सुटते आणि पुन्हा तेच चक्र. नव्या कागदाचा डीपी (त्या साखळीच्या लांबीचा आकडा) १००० च्या आसपास, २०० वर आला की कागद हातात चुरा होते. तेल बदलता येते राजा, कागद नाही. म्हणून तेल नवं भरलं तरी कागदातून अ‍ॅसिड परत येते आणि आकडा पुन्हा चढते. आयएफटी (तेल आणि पाण्यामधला पृष्ठताण) आणि फ्युरान (कागद तुटून तेलात येणारी रसायनं) टेस्ट करून घ्या, गाळ बसायला लागला का आणि कागदाचं काय झालं ते कळेल. ब्रीदर कधी पाहिला?

बुटीबोरी_मेंटेनन्स:
आत्ताच पाहून आलो. जेल वरून गुलाबी (म्हणजे ओल शोषलेलं), खाली मात्र निळंच आहे. हवा शिरते त्या खालच्या कपात तेल बरोबर आहे.

रिटायर्ड_सबस्टेशन:
मग हवा कपातून येतच नाहीये. खालून आली असती तर जेल आधी खाली गुलाबी झालं असतं. ब्रीदरच्या वरच्या फ्लँजचं गॅस्केट नाहीतर कन्झर्वेटरच्या (वरच्या छोट्या तेल-टाकीच्या) पाइपचा जॉइंट लीक असणार, पावसाळ्याच्या आत बदला. जेल फक्त ओल अडवते, ऑक्सिजन नाही, त्यामुळे एवढ्यानं अ‍ॅसिडिटी उतरणार नाही, पण कागदात जाणारं पाणी तरी थांबेल. फुलर्स अर्थचं काम गॅस्केट झाल्यावरच काढा.