मदत हवी आहे : 43 व्या वर्षी पहिले मतदान करायचे आहे

आजवर मी एकदाही मतदान केलेले नाही. प्रचारफेरी दिसली की मी गल्ली बदलत असे. परंतु गेल्या महिन्यात आमच्या मंगळवार पेठेतील तालमीसमोर महापालिकेसाठी इच्छुक असलेली एक तरुण कार्यकर्ती आली आणि भाषण न करता, कट्ट्यावर बसून, कोणाच्या घरी पाणी किती वाजता व किती वेळ येते हे तिने शंभर पानी वहीत लिहून घेतले. आठ दिवसांनी तीच वही घेऊन ती परत आली. इतक्या वर्षांत मला असे कोणी विचारले नव्हते, आणि आता माझे मत तिलाच द्यायचे आहे.

माझे नाव पूर्वी राधानगरी तालुक्यातील गावच्या यादीत होते. ते अजून असल्यास स्थलांतरासाठी नमुना 8 आणि वगळले गेले असल्यास नमुना 6 भरावा लागतो, हे समजले. मात्र ओळखपत्र हरवल्यामुळे क्रमांक माहीत नाही. जुने नाव खात्रीने कसे शोधावे? वीजबिल घरमालकांच्या नावावर असल्याने पत्त्यासाठी बँकेचे पासबुक पुरले, असा कोणाचा अनुभव आहे का? महापालिकेलाही विधानसभेचीच यादी वापरतात आणि ठरलेल्या तारखेनंतरची नावे धरत नाहीत, म्हणून कृपया लवकर कळवावे.