चिनी ‘ग्वेइ’ म्हणजे पाया पडनं का शिक्षा?

पऱ्हाटीवाला, समुद्रपूर: दिवसभर निंदन करून आली तरी मायले रात्री मोबाईलवर चिनी सिरीयल पाह्याचा नाद लागला हाये, खाली हिंदी लिहून येते. त्यात घडीघडी कोनीतरी ओरडते ‘ग्वेइ श्या!’ आन समोरचा धाडकन गुडघ्यावर. काल तर पोरगा मेलेल्या बापाच्या नावाच्या पाटीपुढं तसाच बसला आन डोकं भुईले टेकवलं. माय म्हने, हे पाया पडनं होय का शाळेतली शिक्षा? मले सांगता नाई आलं. कोनाले चिनी येते का भाऊ?

लिपीवेडा: दोन्ही. ग्वेइ म्हणजे गुडघे टेकणं, श्या म्हणजे खाली. मान का अपमान ते समोर कोण बसलंय त्यावर. डोकं जमिनीला लावलं की शब्द वेगळा, खऽथोउ. चीनच्या छिंग घराण्यातल्या बादशहापुढे तीनदा ग्वेइ आणि दरवेळी तीनदा डोकं, असं नऊदा टेकवावं लागायचं. १७९३ मध्ये इंग्रजांचा राजदूत मॅकार्टनी गेला तो अडून बसला, मी माझ्या राजापुढे एकच गुडघा टेकतो तेवढाच इथं टेकीन म्हणाला. १९१२ मध्ये राजेशाही गेली, तो दरबारी प्रकार संपला, पण मयतीत, कबरीपुढे, काही ठिकाणी लग्नात आईबापाला चहा देताना अजून गुडघे टेकतात. त्यांची म्हणच आहे, पुरुषाच्या गुडघ्याखाली सोनं असतं, म्हणजे ते कोणापुढेही टेकायचे नाहीत, आभाळ, धरती आणि मायबाप सोडून.

काटोलकर: शिक्षावाली बाजू पाहाची असंन तर हांगचौ शहरात युए फेइ सेनापतीची समाधी हाये, त्याले ज्यानं खोट्या आरोपात मारलं त्या छिन ह्वेइचा आन त्याच्या बायकोचा लोखंडी पुतळा तिथं गुडघ्यावर, हात मांगं बांधलेले. लोकं येता जाता थुंकत. मानूस मरून आठशेच्या वर वर्सं झाले, पन गुडघे अजून टेकलेलेच.

लिपीवेडा: हो, आणि आजची पोरं नेटवर ‘ग्वेइ ल’ लिहितात, पेपर अवघड गेला, गेम हरला, नाहीतर कोणी लय भारी खेळला तरी. आपलं ‘हात टेकले’ तसंच.

पऱ्हाटीवाला, समुद्रपूर: लय आभार दोघायचे. मायले सारं वाचून दाखवलं. बापापुढचं तिले पटलं, बादशाचं नाई पटलं. आन आता इचारून राह्यली का पोळ्याले आपन बैलाच्या पायावर पानी टाकून डोकं टेकवतो, त्याले ते लोकं ग्वेइ म्हनतीन का दुसरं काही? सांगजा.