जपानी कराओकेतली शिरितोरी : गाणी कशी निवडता? (अनुभव धागा)

शिरितोरी म्हणजे आधीच्या शब्दाचं शेवटचं अक्षर धरून पुढचा शब्द. कराओकेच्या खोलीत तोच खेळ गाण्यांच्या नावांवर चालतो. एकाने 'हानामिझुकि' लावलं की पुढच्याला 'कि'ने सुरू होणारं गाणं लावायचं. नाव 'न्'वर संपलं की लावणारा बाद. जपानमध्ये राहणारे, इथे जपानी शिकणारे, जे कोणी हा खेळ खेळता त्यांनी लिहा: कुठलं अक्षर अडतं, त्याला काय उतारा, नियम काय ठरवता. गाण्यासोबत गायक आणि वर्ष दिलंत तर शोधायला सोपं जाईल. ऱ्हस्व-दीर्घ जपानी उच्चाराप्रमाणेच ठेवूया, कारण इथे त्यावरच सगळं अवलंबून आहे.

पुण्याहून, नव्या विद्यार्थ्यांना खेळ शिकवताना

आपल्या माणसांची पहिली अडचण अंताक्षरीच्या सवयीची असते. अंताक्षरीत 'र' आला की रा, री, रु, रे काहीही चालतं. इथे रा, रि, रु, रे, रो ही पाच वेगळी अक्षरं आहेत आणि 'रु'ला 'रु'च लागतो. दुसरी अडचण 'न'ची. योनेझु केन्शिचं 'लेमन' (2018) जपानीत 'रेमोन्' होतं. आपल्या कानाला तो 'न' वाटतो आणि पुढचा भिडू खुशाल 'ना'चं गाणं शोधायला लागतो. तो शेवटचा 'न्' मात्र काना लिपीतलं (जपानीची उच्चारानुसार लिहायची लिपी) स्वतंत्र अक्षर आहे, ना-नि-नु-ने-नोशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे 'लेमन' लावणारा तिथेच बाद.

मूळ 46 काना अक्षरांतून 'न्' आणि नावाच्या सुरुवातीला न येणारा 'ओ' (कर्माचा प्रत्यय) वगळला की 44 उरतात. तेवढ्या चौकटींचा तक्ता आखून प्रत्येकीत दोन गाणी भरायला सांगतो, आणि गाण्यापुढे ते *कशावर संपतं* तेही लिहायला लावतो. सुरुवात सगळे पाठ करतात, शेवटाकडे कोणी बघत नाही.

योकोहामा, चौघांचा गट

खोलीत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं नियमांना द्या, नाहीतर तासभर वाद होतो. आम्ही एवढं ठरवून घेतो:

शेवटी दीर्घाची आडवी रेघ असेल तर ती सोडून आधीचं अक्षर धरायचं, की ओढलेला स्वर? स्पित्सच्या 'चेरी'वर (1996) पहिल्या पद्धतीने 'रि' येतो, दुसऱ्या पद्धतीने 'इ'. 'इ' फार सोपा, म्हणून मुरलेल्या गटात रेघ सोडतात आणि नवख्यांना स्वर देतात. छोटा या-यु-यो शेवटी आला तर तो मोठा मानायचा, म्हणजे 'श्योउज्यो'वर संपलं तर पुढे 'यो'. झु, बा, गो अशा टिंबवाल्या अक्षरांची टिंबं पुसायची (म्हणजे 'झु'ऐवजी 'सु' धरायची) मुभा आहे का, हेही आधीच बोलून घ्या. मुभा दिली की खेळ फार सैल होतो असं माझं मत; 'झु'ला 'झुरुइ ओन्ना' (श्यारान्क्यू, 1995) आहे, थोडं डोकं चालवू द्यावं.

किरोरोचं 'मिराइ ए' (1998) हे खास वादाचं गाणं. उच्चार 'ए', लिहिताना 'हे'. आम्ही लिहिलेलं धरतो. कंसातली उपशीर्षकं मोजायची नाहीत.

नागोयाहून

वरच्या यादीत एक भर. ओढलेला 'ओ' ऐकून 'ओ'चं गाणं लावू नका. साकामोतो क्यूच्या 'उए ओ मुइते आरुकोउ' (1961) चा शेवट कानाला 'को…' असा लांब लागतो, पण काना लिपीत तिथे 'उ' आहे. मात्सुदा सेइकोचं 'आओइ सान्गोश्योउ' (1980), कोमेकोमे क्लबचं 'रोमान् हिकोउ' (1990), सगळ्यांचं तेच. चिनी मूळच्या शब्दांवर संपणाऱ्या नावांत हे फार वेळा होतं, त्यामुळे 'उ'ची गाणी जास्त साठवून ठेवा. 'उए ओ मुइते' तर 'उ'नेच सुरू होतं आणि 'उ'वरच संपतं. तसंच ग्रीनचं 'किसेकि' (2008), कि ते कि. आलेलं अक्षर जसंच्या तसं पुढच्याच्या गळ्यात घालायला ही गाणी राखून ठेवावीत.

ओसाका, मुख्यतः 'रु'बद्दल

या खेळात हरवायचं असेल तर 'रु'. कारण भाषेतच आहे. जपानी क्रियापदांची मूळ रूपं मोठ्या संख्येने 'रु'वर संपतात, म्हणून योआसोबिचं 'योरु नि काकेरु' (2019) यासारखी नावं सहज 'रु' देतात. वर इंग्रजी शब्दांच्या शेवटचा 'ल' काना लिपीत 'रु' होतो: 'आइदोरु' (योआसोबि, 2023), बीझचं 'उरुतोरा सोउरु' (2001). उलट मूळ जपानी शब्द र-वर्गाने सुरू होत नाहीत. रा-रि-रु-रे-रोने सुरू होणारं जे काही आहे ते चिनी किंवा पाश्चात्त्य उसनवारीचं. म्हणजे 'रु' टाकायला पुष्कळ, झेलायला मोजकी.

झेलायला माझ्याकडची खात्रीची तीन. तेराओ आकिराचं 'रुबिई नो युबिवा' (1981 चं जपान रेकॉर्ड पुरस्कार विजेतं), शेवट 'वा'. मात्सुदा सेइकोचं 'रुरिइरो नो चिक्यू' (1986), शेवटी काना 'उ'. आणि 'रुपान् सान्सेइ नो तेएमा', शेवट 'मा'. याच्या निव्वळ वाद्यांच्या आवृत्त्याही आहेत, त्यामुळे शब्द असलेली आवृत्ती आहे ना ते पाहून लावा.

चौथं जे सगळ्यांना आठवतं ते सापळा आहे: आराइ युमिचं 'रुउज्यु नो देन्गोन्' (1975). घिब्ली या अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या चित्रपटामुळे ते सगळ्यांच्या तोंडी असतं, आणि घाईत लावलं की 'न्'वर संपून माणूस बाद होतो.

वापरायचा क्रमही महत्त्वाचा. दोघंच खेळत असाल तर 'रुरिइरो' लवकर खर्चू नका. समोरच्याला 'उ' मिळतो, तो 'उरुतोरा सोउरु' लावतो आणि 'रु' परत तुमच्याकडेच येतो. ते गाणं एकदा लागून गेलं की मग 'रुरिइरो' बिनधास्त लावा. तोपर्यंत 'रुबिई' पुढे करावं: 'वा'साठी समोरच्याला मोरिताका चिसातोचं 'वाताशि गा ओबासान् नि नात्तेमो' (1992) सापडतं, त्यावर 'मो' येतो आणि खेळ मोकळा होतो.

रेघ सोडायचा नियम असेल तर तोकुनागा हिदेआकिचं 'रेइनी बुरू' (1986) हे दुहेरी हत्यार: 'रे' झेलता येतो आणि पुढच्याला 'रु' जातो. र-वर्गातल्या बाकीच्यांची सोय: 'रि'ला ब्लू हार्ट्सचं 'रिन्दा रिन्दा' (1987), 'रो'ला वर आलेलं 'रोमान् हिकोउ'. 'रो'वर स्पित्सचं 'रोबिन्सोन्' (1995) पटकन सुचतं. ते लावू नका, शेवट बघा.

सैतामा

'न्'वर संपणाऱ्यांची यादी फोनमध्ये वेगळी ठेवते: वर आलेली तीन, शिवाय एकेबी48चं 'हेबिई रोतेएश्योन्' (2010), मोर्निन्गु मुसुमेचं 'राबु माशीन्' (1999), कुबोता साकिचं 'इहोउजिन्' (1979). 'हेबिई'बद्दल विशेष सावध राहा, 'हे'ची गाणी कमी असल्याने हात तिकडेच जातो.

लहान मुलं किंवा नवशिके असतील तर बाद करण्याऐवजी एक अक्षर मागे या. 'रेमोन्'वर मग 'मो' धरायचा. त्याला ओता हिरोमिचं 'मोमेन् नो हान्काचीफु' (1975) छान बसतं.

फुकुओका

कांजी (चिनी मूळची अक्षरं, एकाची अनेक वाचनं असू शकतात) वाचण्यातली चूक साखळी तोडते. लिसाच्या 2020 च्या गाण्याचं नाव ज्वाळेच्या कांजीने लिहितात. नेहमीचं वाचन 'होनोओ', पण गाण्याचं नाव 'होमुरा', म्हणजे पुढे 'रा', 'ओ' नव्हे. युझुच्या 2004 च्या 'एइकोउ नो काकेहाशि'तली शेवटची दोन कांजी एरवी 'काक्योउ' वाचली जातात. इथे 'शि' धरायचा. 'नादा सोउसोउ'त 'अश्रू'चं कांजी ओकिनावाच्या बोलीप्रमाणे 'नादा' आहे, नेहमीचं 'नामिदा' नाही. सुदैवाने सुरुवात दोन्हीकडे 'ना'च. शंका आली तर कांजी बघून ठरवू नका, यंत्रात गाणं त्या काना अक्षरांनी शोधून बघा. सापडलं तर वाचन बरोबर.

तोक्यो, यंत्राबद्दल थोडं

'दाम' या कराओके यंत्राचा रिमोट 'देन्मोकु', 'जॉयसाउंड' या दुसऱ्या यंत्राचा 'क्योकुनाबि'. दोन्हीत 'क्योकुमेइ' म्हणजे गाण्याच्या नावाने शोध निवडा आणि पहिली दोन अक्षरं काना लिपीत टाका. एकच टाकलं तर यादी संपत नाही, तीन टाकली तर आठवलेलंच गाणं दिसतं, नवीन काही सुचत नाही.

आधीच्याने गाणं नोंदवलं की लगेच शोधायला लागा, त्याचं गाऊन व्हायची वाट कशाला? मात्र रांगेत एकापेक्षा जास्त गाणी ठेवू नका. मधलं एक रद्द झालं की पुढची सगळी अक्षरं चुकतात.

पूर्ण गाणी चार-पाच मिनिटांची, म्हणजे तासाला जेमतेम बारा-चौदा. साखळी लांब हवी असेल तर पहिलं कडवं आणि धृपद झालं की 'एन्सोउ च्यूशि' बटणाने थांबवा. दीड-दोन मिनिटांत एक होतं आणि तासाला पंचवीसच्या पुढे जाता येतं.

पुन्हा योकोहामा

वेगवेगळ्या वयाची मंडळी असतील तर जुनं-नवं मिसळलेली एक साखळी, सगळे दुवे तपासलेले. 'सोरा मो तोबेरु हाझु' (स्पित्स, 1994), 'झुरुइ ओन्ना', 'नागोरियुकि' (इरुका, 1975), 'किसेकि', 'किता नो यादो कारा' (मियाको हारुमि, 1975), 'राबु सुतोरी वा तोत्सुझेन् नि' (ओदा काझुमासा, 1991), 'निजि' (सुदा मासाकि, 2020), 'जिदाइ' (नाकाजिमा मियुकि, 1975), 'इइ हि ताबिदाचि' (यामागुचि मोमोए, 1978), 'चेरी'.

'चेरी'तला 'चे' म्हणजे मोठा 'चि' आणि छोटा 'ए', म्हणून 'चि'ला चालतो. 'किता नो यादो' हे एन्का (जुन्या धाटणीचं भावगीत) आहे, सूर पुरुषांना अडचणीचा पडू शकतो. गाणं सुरू व्हायच्या आत रिमोटवरून पट्टी तीन-चार पायऱ्या खाली आणा.