मदत हवी आहे: टीव्हीवर मराठी सबटायटलच्या जागी चौकोन

मंडळी, रविवारी राजारामपुरीत आमच्या घरी दहा-बारा जणांना जेन कॅम्पियनचा 'ब्राइट स्टार' (२००९) दाखवायचाय. इंग्रज कवी कीट्स आणि शेजारची फॅनी ब्रॉन यांची प्रेमकहाणी. निम्म्यांना इंग्रजी झेपत नाही, म्हणून महिनाभर खपून मराठी सबटायटल केली. लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेयरमध्ये झकास दिसतात, पेनड्राइव्ह टीव्हीला लावला की नुसते चौकोन. सबटायटलची फाइल यूटीएफ-८ मध्येच (मराठीसकट सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) आहे, नावही सिनेमाच्या फाइलचंच दिलंय. इंग्रजी सबटायटलची फाइल (एसआरटी) मात्र बिनतक्रार चालते. लॅपटॉप टीव्हीला जोडायचं एचडीएमआय पोर्ट मेलंय, त्यामुळे तो मार्ग बंद. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरनं सबटायटल चित्रातच पक्की केली, तर जोडाक्षरं फुटली. 'प्रेम'चं 'प् रेम'! कवीच्या सिनेमात हे कसं चालेल हो? जोडाक्षरं न मोडता देवनागरी चित्रात बसवायला कुठला फॉन्ट, कुठलं सेटिंग लागतं?