मदत हवी आहे: दुसऱ्या फाइलवर अवलंबून असलेल्या कामाच्या तारखा चुकीच्या दिसतात

नमस्कार मंडळी. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट (कामांचं वेळापत्रक आखायचं सॉफ्टवेअर) नेहमी वापरणाऱ्यांना विचारायचं आहे.

एकाच इमारतीचं सिव्हिल काम एका फाइलमध्ये आहे, लिफ्टचं दुसऱ्या. लिफ्टची फाइल माझ्याकडे. लिफ्टचे गाइड रेल (ज्यांवरून लिफ्ट सरकते ते रूळ) बसवणं शाफ्ट, म्हणजे लिफ्टची उभी पोकळी, पूर्ण होण्यावर अवलंबून आहे, म्हणून फिनिश-टू-स्टार्ट लिंक (आधीचं काम संपलं की पुढचं सुरू) दिली आहे. शाफ्टचं काम माझ्या चार्टमध्ये करड्या रंगात दिसतं.

शाफ्ट १० तारखेला संपायचा होता. आज २२ तारीख, काम अर्ध्यावर. सिव्हिलच्या टीमने फक्त टक्केवारी भरली, उरलेलं काम पुढे सरकवलं नाही. त्यामुळे तिथे अजूनही १० तारीखच दिसते आणि माझा बार ११ पासून सुरू होतो. जे दिवस उलटून गेले, त्यांवर पुढचं सगळं वेळापत्रक उभं! साहेब त्यावरूनच ग्राहकाला हस्तांतराची तारीख सांगतात, याची मला खरंच काळजी वाटते.

'अपडेट प्रोजेक्ट'मधून स्टेटस डेटनंतर (ज्या तारखेपर्यंतची प्रगती नोंदवली ती तारीख) उरलेलं काम ढकलता येतं, हे माहीत आहे. पण ते त्यांच्या फाइलमध्ये करायला हवं, आणि नंतर माझ्याकडे लिंकमधले बदल स्वीकारायला हवेत. यातली एक पायरी राहिली की तारखा चुकल्याच.

तुम्ही हे कसं सांभाळता? सगळ्या फाइल एका मास्टर प्रोजेक्टमध्ये (सगळ्या फाइल एकत्र जोडणारी मुख्य फाइल) घेता का? आणि स्टेटस डेट उलटूनही अपूर्ण असलेली बाहेरची कामं ठळक दाखवणारा फिल्टर किंवा फॉर्म्युला कुणी बनवला असेल, तर कृपया सांगा.